पोलादाचा हात कीं जर्मनचा ?

आमच्या घरांत कोणताहि प्रश्न एकट्यादुकट्यानें सोडविण्याची वहिवाट नाहीं. मुलीचें स्थळ असो, विहिरीवरचा पंप असो, कीं देवघराच्या फरशीचा रंग असो. तो प्रश्न ओसरीवर आलाच पाहिजे, तेथें त्याची चिरफाड झालीच पाहिजे, आणि ज्याला त्यांतलें अवाक्षर कळत नाहीं त्यानेंहि आपलें मत दिलेंच पाहिजे, असा वाडवडिलांपासूनचा रिवाज आहे. आम्ही अंतरवाली सराटीचे. अंबड तालुक्यांतलें, वडीगोद्रीजवळचें हें आमचें खेडें २०२३ सालच्या मराठा आरक्षणाच्या उपोषणापर्यंत जिल्ह्याबाहेर फारसें कोणास ठाऊक नव्हतें. आतां त्याचें नांव साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. परंतु आज आम्ही जी हकीकत सांगणार आहों, तिचा त्या घडामोडींशीं कांहीं संबंध नाहीं. ती आहे एका मोटारीच्या चाकामागें दडलेल्या धातूच्या एका तुकड्याची, आणि थोडीशी आमचीहि.

गेल्या श्रावणांत आमच्या धाकट्या भावाच्या चिरंजीवांचें पत्र आलें. पत्र म्हणजे आजकालचें विजेच्या वेगानें येणारें. पण मजकूर लांबलचक होता, म्हणून आम्ही त्याला पत्रच म्हणतों. हे चिरंजीव अमेरिकेंत मिशिगन राज्यांत नोकरी करितात. तेथें त्यांनीं हौसेनें एक जुनी मोटार घेतली आहे. जर्मनीच्या पोर्श कंपनीनें १९८२ ते १९९१ या काळांत ‘९४४’ नांवाची दोन दारांची वेगवान गाडी बनविली. तिच्यापैकीं १९८६ सालची ही एक. इंजिन पुढें, गिअरपेटी मागच्या चाकांपाशीं, त्यामुळें पुढच्या-मागच्या आंसांवर वजन जवळजवळ सारखें. म्हणून वळणावर ती मोठ्या डौलानें चालते, असें चिरंजीव सांगतात. गाडीचें वय त्यांच्या स्वतःच्या वयाएवढेंच आहे. तरी ते तिच्या दुखण्याखुपण्याविषयीं ज्या कळकळीनें लिहितात, त्या कळकळीनें स्वतःच्या पाठदुखीविषयीं लिहीत नाहींत.

पत्रांतला प्रश्न असा होता: “मोठे काका, पुढच्या चाकांचे खालचे हात बदलावयाचे कीं दुरुस्त करावयाचे, आणि बदलावयाचे तर पोलादाचे घ्यावे कीं अल्युमिनियमचे, हें तुम्हीच सांगा. येथें दहा जण दहा गोष्टी सांगतात.”

प्रश्न आमच्याकडे येण्याचें कारण एवढेंच कीं, आम्हीं एकतीस वर्षें जालन्यास एका तंत्रशिक्षणसंस्थेंत धातूंचा विषय शिकविला. ‘जालना, सोनेका पालना’ असें जुने लोक म्हणत; आमच्या नोकरीच्या काळांत त्या पाळण्यांत सोन्याऐवजीं पोलाद निजूं लागलें. भंगार वितळवून त्याच्या सळ्या ओढणाऱ्या गिरण्या तेथें इतक्या झाल्या कीं, आमच्या विद्यार्थ्यांना नोकरीसाठीं गांव सोडावें लागलें नाहीं. ज्यांना सोडावें लागलें, ते वाळूजला दुचाकींच्या अल्युमिनियमच्या भागांच्या कारखान्यांत गेले. तेव्हां या दोन्ही धातूंचीं मुलें आमच्या हाताखालून गेलीं आहेत असें म्हणावयास हरकत नाहीं.

हा ‘हात’ म्हणजे काय, हें वाचकांस थोडक्यांत सांगतों. मोटारीचें चाक धडाला थेट जखडलेलें नसतें. खड्डा आला कीं त्याला वर जातां आलें पाहिजे, खड्डा सरला कीं खालीं येतां आलें पाहिजे. आणि हें करितांना तें वेडेंवांकडें फिरतां कामा नये. म्हणून धडापासून चाकापर्यंत एक आडवा हात जातो. गॅरेजवाले त्याला ‘लोअर आर्म’ म्हणतात. त्याच्या धडाकडच्या टोकाला रबरी बुश, आणि चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे आपल्या खुब्यासारखा, वाटींत फिरणाऱ्या गोळ्याचा सांधा असतो. वेगांत असतांना हा सांधा निखळला, तर सुकाणूचें चाक हातांत धरून रामनाम घेण्यापलीकडे चालविणाराला कांहीं करतां येत नाहीं.

या गाडीच्या बाबतींत मौज अशी कीं, आरंभींच्या नगांना पत्रा दाबून केलेले पोलादी हात होते. ते मूळचे फोक्सवॅगनच्या साध्या घरगुती मोटारीच्या घराण्यांतले. १९८५ च्या मध्यापासून कंपनीनें ते बदलून ओतीव अल्युमिनियमचे हात दिले. पोलादी हाताचा सांधा झिजला तर तेवढा सांधा काढून नवा बसवितां येई. अल्युमिनियमच्या हातांत तो आंत दाबून बसविलेला, म्हणून सांधा गेला कीं सबंध हातच बदलावा, अशी मूळची रीत. पुढें जुन्याच हातांत नवा गोळा व वाटी बसवून देणारे कारागीर निघाले. शर्यतवाल्यांसाठीं पोलादी नळ्या सांधून केलेले निराळे हातहि मिळूं लागले. सारांश, वाटा पुष्कळ. आणि जेथें वाटा पुष्कळ तेथें भांडणेंहि पुष्कळ.

पत्र आम्हीं रिवाजाप्रमाणें ओसरीवर वाचून दाखविलें. प्रथम भावजयीनें विचारलें, “अल्युमिनियम म्हणजे आपलें जर्मनच ना ?” आम्हीं होकार दिला. आपल्याकडे जुन्या बायका अल्युमिनियमच्या भांड्यांना ‘जर्मनचीं भांडीं’ म्हणतात, हें वाचकांस ठाऊक आहेच. त्यावर ती म्हणाली, “मग गाडी जर्मन आणि तिचे हातहि जर्मनचेच, त्यांत याची तक्रार काय?” सगळे हंसले.

मातुःश्रींनीं मात्र गंभीरपणें निकाल दिला. त्यांचें वय नव्वदीच्या पुढें आहे, पण कान तिखट. त्या म्हणाल्या, “जर्मनच्या भांड्यांत चिंचेचें सार रात्रभर ठेवलें तर सकाळीं तळाला टोंचे पडलेले दिसतात. माझ्या सासूबाईंचा लोखंडी तवा अजून चुलीवर आहे. गंज येतो खरा, पण गंज डोळ्यांना दिसतो. घासला कीं जातो.” सूनबाई शाळेंत शास्त्र शिकविते. तिनें बाजू घेतली ती अल्युमिनियमची. “आजी, तो तवा उचलतांना तुमचेंच मनगट दुखतें. आणि हवेंत अल्युमिनियमवर आपोआप एक पातळ कवच चढतें. तें असेपर्यंत त्याला गंज म्हणून लागत नाहीं.” दोघींचेंहि खरें होतें. एकतीस वर्षांच्या आमच्या टिपणांचें सार त्या दोन वाक्यांत येऊन गेलें, हें पाहून आम्हांस थोडें ओशाळल्यासारखेंहि झालें.

हा लोखंडाविषयींचा वाद आपल्याकडे नवा नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर बनविले, तेव्हां लोखंडाच्या स्पर्शानें काळी आई विषारी होईल या भीतीनें आरंभीं शेतकरी त्याला हात लावीनात. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, आणि पुढें तोच नांगर घरोघर गेला. अल्युमिनियमची कथा याच्या उलट आहे. १८८६ सालीं अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्संत एरू या दोन तरुणांनीं, दोघेहि १८६३ सालीं जन्मलेले, एकमेकांस न कळत विजेच्या साह्यानें तो स्वस्तांत काढण्याची एकच युक्ति शोधली. तोंवर तो इतका दुर्मिळ होता कीं, १८८४ सालीं वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाचें टोंक मुद्दाम त्याचें केलें. नुसता अल्युमिनियम मऊ असतो. १९०६ च्या सुमारास जर्मनींत आल्फ्रेड विल्म यांस आढळलें कीं, थोडें तांबें वगैरे मिसळून, तापवून, पाण्यांत विझवून तो तसाच ठेवला, तर कांहीं दिवसांत आपोआप कठीण होतो. त्या शोधावर विमानें उडालीं, आणि मोटारींचे हातहि झाले.

दोन धातूंचा हिशेब असा. एका घनसेंटिमीटर पोलादाचें वजन सुमारें ७.८५ ग्रॅम, अल्युमिनियमचें २.७. म्हणजे अल्युमिनियमचें वजन पोलादाच्या सुमारें एक-तृतीयांश. परंतु ताठपणाहि त्याचा सुमारें एक-तृतीयांशच. म्हणून तितकाच ताठ हात करावयाचा तर तो जाड करावा लागतो, आणि वाचलेल्या वजनांतलें कांहीं परत द्यावें लागतें. तरीहि जें वाचतें तें मोलाचें. कारण हें वजन स्प्रिंगांच्या खालचें, चाकाबरोबर वरखालीं होणारें असतें. तें जितकें कमी, तितकें चाक रस्त्याला चिकटून राहतें.

दुसरी गोष्ट धातूच्या थकव्याची. एकदां दिलेला मोठा ताण धातु सोसतो, पण तोच लहान ताण लाखों वेळां दिला तर मोडतो. प्रशियाच्या रेल्वेंतील एंजिनियर ऑगस्ट व्होलर यांनीं एकोणिसाव्या शतकांत आगगाडीच्या आंसांवर प्रयोग करून हें दाखविलें. पोलादाला थकव्याची एक मर्यादा असते. ताण तिच्या खालीं राहिला तर कोरड्या हवेंत तें जवळजवळ अखंड टिकतें. अल्युमिनियमला तशी पायरी नाहीं. तो लहान ताणांचेंहि खातें मांडून ठेवतो, आणि केव्हां तरी वसूल करितो. १९५४ सालीं कॉमेट जातीचीं दोन ब्रिटिश विमानें भूमध्य समुद्रावर आकाशांतच फुटलीं. पुढें फार्नबरो येथें तसेंच एक विमान पाण्याच्या प्रचंड हौदांत घालून, दाब देऊन-सोडून पाहिलें, तेव्हां त्याच्या पत्र्यांतल्या छिद्राच्या कोपऱ्याशीं थकव्याची भेग निघाली. शिवाय पत्र्याचा पोलादी हात मोडण्यापूर्वीं बहुधा वांकतो. गाडी एकीकडे ओढूं लागते, टायर तिरका झिजतो. म्हणजे आधीं तक्रार करितो. ओतीव अल्युमिनियम वांकण्याचा शिष्टाचार फारसा पाळीत नाहीं.

हें सगळें जुळवून त्याच रात्रीं आम्हीं उत्तराचा मसुदा केला : ‘पोलादाचे हात घे. दुसरा विचार नको.’

आतां खरी गोष्ट सांगावयाची म्हणजे, हा मसुदा विद्येनें लिहिला नव्हता. भीतीनें लिहिला होता. चिरंजीवांनीं पत्रासोबत एक छायाचित्र पाठविलें होतें. हाताच्या टोंकाशीं, सांध्याच्या कोंदणाजवळ, केंसासारखी एक रेघ दिसत होती. खालीं त्यांनीं लिहिलें होतें, “हा ओरखडा असावा. पॉलिश-कागदानें घासून काढावा आणि सांधा नवा बसवून हेच हात चालवावे, असा एक विचार आहे. अजून दोन-चार वर्षें सहज जातील. शनिवारीं लेकीला घेऊन फिरायला जातों, तेवढेंच तर काम.” ती लेक, म्हणजे आमची नात, आठ वर्षांची. ‘पॉलिश-कागदानें घासून काढावा’ हे शब्द वाचले आणि आमच्या पोटांत धस्स झालें.

१९९६ सालच्या वैशाखाची गोष्ट. आमच्या विहिरीवर एक जुना आंबा आहे. लोणच्याच्या कैऱ्या उतरविण्यासाठीं पूर्वीं वेळूची शिडी होती. ती दोघांना उचलावी लागे. आम्ही धातूचे मास्तर ! आम्हीं जालन्याहून अल्युमिनियमची हलकी शिडी आणली, आणि ती एका हातानें उचलून साऱ्या वाड्याला दाखविली. पांच-सहा वर्षें तिनें उत्तम काम दिलें. त्या वैशाखांत मात्र एका पायरीच्या रिबेटापाशीं आम्हांला अशीच एक रेघ दिसली. नखाला लागली. ती भेग होती हें आम्हांस कळलें होतें. वर्गांत असल्या भेगांचीं चित्रें आम्हीं शेंकडों वेळां काढलीं होतीं. पण नवी शिडी म्हणजे खर्च, आणि कैऱ्या तर आजच उतरवावयाच्या. आम्हीं पॉलिश-कागदानें ती घासली, तारेचे चार वेढे दिले, आणि म्हणालों, “अजून दोन हंगाम जाईल.” तिसऱ्या दिवशीं ती पायरी निखळली. शिडीवर आमचा धाकटा भाऊ होता. मांडीचें हाड मोडलें. जुळलें, पण पाय आंखूड राहिला. तेव्हांपासून तो लंगडत चालतो. पाय घसरून पडला, असें घरांत सर्वांना सांगितलें गेलें. चिरंजीव तेव्हां दहा वर्षांचे होते. त्यांनाहि तेंच ठाऊक आहे. इतक्या वर्षांत आम्हीं तें कोणाजवळहि दुरुस्त केलें नाहीं.

मसुदा लिहून झाल्यावर आम्ही ओसरीवर येऊन बसलों. भाऊहि झोंप न आल्यानें बाहेर आला होता. आम्हीं त्याला छायाचित्र दाखविलें आणि आमचें उत्तर वाचलें. त्यानें बराच वेळ तें छायाचित्र पाहिलें. मग तो म्हणाला, “दादा, यांत जर्मनचा काय अपराध ? आपली शिडी वेळूची असती आणि वेळू तडकलेला असता, तर तुम्हीं त्यालाहि तारच गुंडाळली असती.”

आम्ही गप्प राहिलों. तो हळूच पुढें म्हणाला, “तार मी पाहिली होती. चढण्यापूर्वीं पाहिली होती. मलाहि वाटलें, तुम्हीं बांधली आहे म्हणजे चालेल.”

वाचकहो, तीस वर्षें आम्हीं समजत होतों कीं, हें गुपित आमचें एकट्याचें आहे. अंधार होता हें बरें झालें.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं मसुदा फाडला आणि प्रश्न पहिल्यापासून तपासला. चिरंजीवांना आधीं दोनच गोष्टी विचारल्या. पहिली, गाडीची उंची मूळची आहे काय ? उत्तर थोडें लाजत आलें : डौलदार दिसावी म्हणून त्यांनीं ती दोन वर्षांपूर्वीं बरीच खालीं बसवून घेतली होती. येथेंच गोम होती. गाडी फार खालीं आणली कीं हाताचा कोन बदलतो, सांध्यांतला गोळा वाटींत फिरावयाचा तेवढा फिरून संपतो, आणि पुढें प्रत्येक खड्ड्याला त्याची दांडी वाटीच्या कांठावर पहारीसारखी तरफ देते. दांडी मोडते ती अशानेंच. आणि ही दांडी दोन्ही प्रकारच्या हातांत पोलादाचीच असते ! म्हणजे ‘पोलाद घे’ हा आमचा रात्रीचा उपदेश, गाडी तेवढीच खालीं ठेवली असती, तर निष्फळ ठरला असता.

दुसरी गोष्ट, रेघ खरोखर ओरखडा आहे कीं भेग, हें घासून नव्हे, तपासून ठरवावें. त्याची रीत सोपी आहे. भाग स्वच्छ धुवावा, लाल रंगाचें भेदक द्रव्य लावून थोडा वेळ थांबावें, वरचा रंग पुसून टाकावा, आणि पांढरें द्रव्य फवारावें. ओरखडा असेल तर तो पुसला जातो. भेग असेल तर आंत शिरलेला रंग पांढऱ्यावर पुन्हां वर येतो. चिरंजीवांनीं तसें केलें आणि छायाचित्र पाठविलें. पांढऱ्या भूमीवर कुंकवाच्या चिरीसारखी लाल रेघ, कोंदणाच्या अर्ध्या घेरापर्यंत गेलेली. मातुःश्रींनीं तें पाहून हात जोडले. बोलल्या कांहीं नाहींत.

एवढें कळल्यावर जुने हात ठेवण्याचा प्रश्नच उरला नाहीं. राहिला मूळचा वाद, पोलाद कीं जर्मन. मिशिगनमध्यें हिवाळ्यांत बर्फ वितळविण्यासाठीं रस्त्यांवर मीठ टाकतात. खाऱ्या पाण्यांत पोलादाची ती थकव्याची मर्यादा उरत नाहीं. गंजाच्या प्रत्येक खड्ड्यांतून भेग सुरू होऊं शकते. म्हणजे ज्या गुणासाठीं आम्ही पोलादाकडे धांवलों, तो गुण तेथें अर्धाच मिळतो. अल्युमिनियमलाहि मीठ सोसत नाहीं; जेथें पोलादी बोल्ट त्यांत बसतो तेथें खाऱ्या ओलाव्यांत अल्युमिनियम झिजतो. पण ती जागा धुवून पाहतां येते. नळ्यांचे शर्यतीचे हात बळकट खरे. परंतु त्यांचे उघडे सांधे धुळींत आणि मिठांत रोज चालविण्यासाठीं नसतात. जुने पत्र्याचे हात घ्यावे तर चाकाकडचीं मापें तपासून जुळवावीं लागतात, आणि चाळीस वर्षांच्या त्या हातांनीं कोठें काय सोसलें हें कोण सांगणार ?

म्हणून आमचें दुसरें उत्तर असें गेलें : गाडी प्रथम मूळच्या उंचीवर आण. अल्युमिनियमचेच, पण नवे, सांध्यासकट, विश्वासाच्या कारखान्याचे हात घे. एक नव्हे, दोन्ही बाजूंचे एकदम. मीठ रस्त्यावर असेपर्यंत गाडी बाहेर काढूं नको. दर वसंतांत ती लाल-पांढरी परीक्षा कर. खर्च जास्त होईल. तोंपर्यंत गाडी उभी राहूं दे. आणि जें तुटेल कीं काय अशी शंका येते, तें घासून गुळगुळीत करूं नको.

पत्राच्या शेवटीं आम्हीं शिडीची हकीकत लिहिली. तारीख, तार, पॉलिश-कागद, सगळें. भाऊ शेजारीं बसला होता. त्यानें एकच दुरुस्ती सुचविली. ‘मी तपासलें आणि दुर्लक्ष केलें’ असें आम्हीं लिहिलें होतें. त्या जागीं त्यानें ‘आम्हीं दोघांनीं’ असें घालावयास लावलें.

चिरंजीवांचें उत्तर दोन दिवसांनीं आलें. गाडीविषयीं त्यांत फक्त एवढेंच होतें कीं ती उभी आहे आणि नवे हात मागविले आहेत. बाकी सारें पत्र वडिलांच्या पायाविषयीं होतें. दिवाळीच्या सुमारास नवे हात बसले. जुना, लाल रेघेचा हात त्यांनीं धुतला नाहीं. आपल्या गाडीखान्यांत खिळ्याला टांगून ठेवला आहे. नातीनें तो काय म्हणून विचारलें, तेव्हां ‘हें आपल्या अंतरवालीच्या आजोबांचें पत्र आहे’ असें त्यांनीं सांगितलें म्हणे.

आमच्या विहिरीवरचा आंबा यंदाहि लागला आहे. शिडी वेळूची आहे. दोघांना उचलावी लागते. एक बाजू भाऊ धरतो, एक आम्ही. चढण्यापूर्वीं दोघेहि प्रत्येक पायरीवरून हात फिरवितों, आणि मगच घरांतल्या पोराला वर पाठवितों.